रक्तचाचणीचा काळ आणि अर्थ : हिपॅटायटिस सीच्या तपासणीविषयी

प्रस्तुत लेखाचा विषय वैद्यकाचा असला, तरी त्यातील अडचण बऱ्याच अंशी भाषेची आहे. रक्ताची चाचणी म्हणजे प्रयोगशाळेने रक्ताविषयी केलेले एक विधान होय. आणि विधान म्हटले की त्याला काळ, व्याप्ती आणि निश्चयाची मात्रा ही अंगे आलीच. वैद्याला ती सवयीने कळतात. ज्याच्या रक्ताविषयी ते विधान केलेले असते, त्याला मात्र त्यांपैकी एकही अंग सहसा उलगडून सांगितले जात नाही. हिपॅटायटिस सी ह्या यकृतरोगाच्या तपासणीत हे वैगुण्य विशेष ठळक दिसते. ह्या एकाच रोगासंबंधी दोन चाचण्या दोन निराळ्या काळांतील विधाने करतात, आणि ती दोन्ही विधाने रुग्णाच्या कानी 'पॉझिटिव्ह' ह्या एकाच शब्दाने पडतात.

विवेचनाच्या सोयीसाठी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. येथे घरात वऱ्हाडी, तांड्यावर बंजारा समाजाची गोरमाटी, बाजारात हिंदी, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर इंग्रजी, असा भाषाव्यवहार आहे. जिल्ह्याच्या इतर भागांत त्यात कोलामी आणि गोंडी ह्या द्राविडी भाषांची भर पडते. चाचणीचा निष्कर्ष कागदावरून रुग्णाच्या मनापर्यंत जाईतो त्याला निदान दोन भाषांतरांतून जावे लागते. त्या प्रवासात काय गळते आणि काय नव्याने चिकटते, हे पाहणे भाषाभ्यासकाचे काम आहे.

१. 'कावीळ' ह्या शब्दाची व्याप्ती

मराठीत यकृताच्या दाहाला स्वतंत्र असा रूढ शब्द नाही. आहे तो 'कावीळ'. संस्कृत 'कामला' ह्या शब्दापासून तो आला. दोन स्वरांमधील मकाराचा वकार होणे ही 'ग्राम'चे 'गाव' करणारी परिचित प्रक्रिया येथेही दिसते. वऱ्हाडीच्या अनेक भागांत ळकाराचा यकार होतो ('काळा'चे 'काया', 'डोळा'चे 'डोया'), त्यामुळे तेथे हाच शब्द 'कावीय' असाही ऐकू येतो. चरकसंहितेत कामलेचा विचार पांडुरोगाच्या प्रकरणात आला आहे. म्हणजे आरंभापासूनच ह्या शब्दाचा आशय दृश्य लक्षणाशी, पिवळेपणाशी, बांधलेला आहे. काविळीच्या डोळ्यांना सारे पिवळे दिसते ही म्हणही त्याच लक्षणावर उभी आहे.

वस्तुतः कावीळ हा रोग नसून अनेक रोगांचे समान चिन्ह आहे. यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी ए आणि ई हे मुख्यत्वे दूषित पाणी व अन्न ह्यांतून पसरतात. बी, सी आणि डी हे रक्तावाटे व शरीरातील इतर स्रावांवाटे. दिल्लीत १९५५-५६ साली दूषित पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली. ती ई विषाणूची होती हे कितीतरी वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झाले. महाराष्ट्रात इचलकरंजी येथे २०१२ साली आलेली साथही ई विषाणूचीच होती. अशा साथीत रुग्ण पिवळा पडतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. गळ्यात माळ घालून, किंवा हाताला चुना चोळून 'कावीळ उतरवणाऱ्या' माणसाला जे यश लाभते, त्याचे मूळ रोगाच्या ह्या स्वभावात आहे.

हिपॅटायटिस सीचा स्वभाव नेमका उलट आहे. नव्याने लागण झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना काहीच लक्षण जाणवत नाही; डोळे पिवळे होत नाहीत, भूक मंदावत नाही. सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्यांत तो ठाण मांडून बसतो आणि यकृत हळूहळू निबर करीत नेतो. अशा चिरकारी रुग्णांपैकी १५ ते ३० टक्क्यांना वीस वर्षांच्या आत यकृतकाठिण्य होण्याचा संभव असतो, आणि काहींत पुढे कर्करोग उद्भवतो. ह्या रोगात पिवळेपणा आलाच तर तो बहुधा शेवटी, उपचाराची उत्तम वेळ टळून गेल्यावर येतो.

ह्यावरून 'ही एक प्रकारची कावीळ आहे' असे स्पष्टीकरण किती फसवे ठरते, ते ध्यानात येईल. ऐकणारा आरशात डोळे पाहतो, ते पांढरे दिसतात, आणि आपल्याला तो रोग नाही असे ठरवतो. त्याचे अनुमान चुकलेले नसते. त्याला दिलेला शब्दच चुकलेला असतो.

२. नकारातून आलेले नाव

ह्या रोगाच्या नावाचा इतिहासही बोधप्रद आहे. बी विषाणूचा शोध १९६५ साली बारूक ब्लुम्बर्ग ह्यांच्या संशोधनातून लागला आणि ए विषाणू १९७३ साली दृष्टीस पडला. रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या यकृतदाहाची कारणे आता सापडली, असे वाटू लागले. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी रक्त घेतलेल्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा अनेकांचा यकृतदाह ए आणि बी ह्यांपैकी कोणत्याच विषाणूमुळे झालेला नाही, असे आढळले. १९७५ पासून ह्या रोगाला 'ए नव्हे, बी नव्हे' असे नाव पडले. नेति नेति म्हणत वस्तूकडे बोट दाखवण्याचाच हा प्रकार होता.

हे नकारार्थी नाव चौदा वर्षे टिकले. ह्या काळात रोग ठाऊक होता, त्याचा मार्ग ठाऊक होता. परंतु चाचणी नव्हती, कारण ज्याची चाचणी करावयाची ती वस्तूच हाती नव्हती. १९८९ साली मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली ह्यांनी विषाणू डोळ्यांनी न पाहता, त्याच्या जनुकद्रव्याचा एक तुकडा लक्षावधी तुकड्यांतून हुडकून काढला. तो ओळखण्यासाठी त्यांनी वापर केला तो रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांचाच. पुढे चार्ल्स राइस ह्यांनी हा विषाणू एकटाच रोग उत्पन्न करू शकतो हे दाखविले. २०२० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ऑल्टर, हॉटन आणि राइस ह्यांना मिळाले.

भारतात दात्यांच्या रक्ताची सी विषाणूसाठी तपासणी ह्या शतकाच्या आरंभी बंधनकारक झाली. तत्पूर्वी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जनहितयाचिकेवर निर्णय देऊन पैसे घेऊन रक्त विकण्याची प्रथा बंद करण्याचा आदेश दिला होता आणि १९९८ पासून ती निषिद्ध झाली. त्या काळापूर्वी ज्यांनी रक्त घेतले असेल, त्यांनी एकदा तपासून घ्यावे असे जे सांगितले जाते, त्याचे कारण हे आहे.

३. दोन चाचण्या, दोन काळ

पहिली चाचणी प्रतिपिंडांची. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. एलायझा पद्धतीने, अथवा बोटाच्या थेंबभर रक्तावर करता येणाऱ्या शीघ्रचाचणीने, ही प्रतिपिंडे आहेत की नाहीत ते कळते. ही चाचणी स्वस्त असते आणि ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते.

परंतु ती काय सांगते? विषाणू आहे असे ती सांगत नाही. विषाणू केव्हातरी येऊन गेला असला पाहिजे, एवढेच ती सांगते. संस्कृत व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर हे परोक्ष भूतकाळाचे विधान आहे. वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या, परिणामावरून जाणलेल्या गतगोष्टीसाठी पाणिनीने लिट् लकार सांगितला आहे. प्रतिपिंडांची चाचणी नेमके हेच करते. चुलीत राख दिसली, म्हणजे विस्तव पेटला होता हे निश्चित. तो अजून धगधगत आहे की विझून गेला, हे राखेच्या रंगावरून कळत नाही.

दुसरी चाचणी आरएनएची. ह्या विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए असते. ते रक्तात प्रत्यक्ष असल्यास अनेकपटीने वाढवून मोजता येते. ही चाचणी वर्तमानकाळात बोलते. विषाणू आज आहे, आणि इतक्या प्रमाणात आहे, असे ती सांगते. उपचार द्यावयाचा की नाही, हे तिच्यावरून ठरते.

ह्या दोन चाचण्यांच्या संयोगाने पुढील अर्थ निष्पन्न होतात. प्रतिपिंड आहेत आणि आरएनएही आहे : लागण चालू आहे, उपचार हवा. प्रतिपिंड आहेत, आरएनए नाही : विषाणू येऊन गेला, किंवा उपचाराने गेला, किंवा पहिल्या चाचणीला चकवा बसला, आज उपचाराचे कारण नाही. प्रतिपिंड नाहीत, परंतु आरएनए आहे : लागण अगदी ताजी आहे, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती इतकी क्षीण आहे की प्रतिपिंड तयारच झालेले नाहीत. डायलिसिसवरील रुग्णांत हा शेवटचा प्रकार संभवतो. दोन्ही नाहीत : बहुतांशी निश्चिंत असावे, पण अगदी अलीकडेच धोका पत्करला गेला असल्यास काही काळाने पुन्हा पाहावे.

ह्या पुनःतपासणीचे कारण असे की, लागण झाल्यापासून प्रतिपिंड दिसू लागेपर्यंत साधारणतः आठ ते अकरा आठवड्यांचा अवधी जातो. आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच सापडते. ह्या मधल्या काळात पहिली चाचणी 'नाही' म्हणते. ते 'नाही' खोटे नसते; ते 'अजून दिसत नाही' ह्या अर्थाचे असते. मराठीत 'नाही' आणि 'अजून नाही' ह्यांत भेद करता येतो, पण प्रयोगशाळेच्या कागदावर तो केलेला नसतो.

बरे झालेल्या माणसाच्या बाबतीत हाच प्रश्न उलट बाजूने येतो. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण औषध आहे. विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्या बहुधा १२ आठवडे घेतल्या की ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडले नाही, म्हणजे रोग गेला असे समजतात. परंतु प्रतिपिंडे पुढे अनेक वर्षे, कित्येकदा जन्मभर, राहतात. असा मनुष्य पुढे एखाद्या शिबिरात तपासला गेला, तर त्याच्या कागदावर पुन्हा तोच शब्द उमटतो. भूतकाळातील विधान वर्तमानकाळात वाचले गेले, की बरा झालेला मनुष्य लोकांच्या दृष्टीने पुन्हा रोगी ठरतो. मुलीचे लग्न, उपाहारगृहातील नोकरी, घरातील वेगळे ताट, ह्या सर्व ठिकाणी ह्या एका काळदोषाची किंमत मोजावी लागते. वास्तविक हा विषाणू एकत्र जेवल्याने, स्पर्शाने, पाण्यातून अथवा आईच्या दुधातून पसरत नाही. त्याला रक्ताशी रक्ताची गाठ पडावी लागते.

४. पिशवीचा निर्णय आणि माणसाचा निर्णय

रक्तपेढीत प्रत्येक दात्याचे रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, उपदंश आणि हिवताप ह्या पाच रोगांसाठी तपासले जाते. ज्या रक्तात प्रतिक्रिया आढळते ती पिशवी नष्ट केली जाते. संशय खरा की खोटा ह्याची वाट पाहिली जात नाही, आणि ते योग्यच आहे. घेणाऱ्याचे रक्षण हा येथे हेतू आहे. शंभर निर्दोष पिशव्या वाया गेल्या तरी चालतील, एक सदोष पिशवी जाता कामा नये, हा त्यामागील न्याय.

तीच प्रतिक्रिया दात्याला कळविली जाते तेव्हा मात्र न्याय बदलला पाहिजे. पिशवीपुरते जे उत्तर होते, ते माणसापुरते केवळ प्रश्न असते. पिशवीबाबत 'प्रतिक्रिया आली' म्हणजे 'टाकून द्या'. माणसाबाबत 'प्रतिक्रिया आली' म्हणजे 'पुढील चाचणी करा'. एकच पद, दोन प्रयोजने. आणि अर्थ प्रयोजनावर अवलंबून आहे. हा विवेक सुटला, की शिबिरात उत्साहाने रक्त देणारा तरुण घरी परततो तो रोगाचा शिक्का घेऊन.

घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दुसरी कड दिसते. विदर्भात सिकलसेल व थॅलेसेमिया ह्या रक्तरोगांचे अनेक रुग्ण आहेत, आणि थॅलेसेमियाच्या बालकाला आयुष्यभर वरचेवर रक्त घ्यावे लागते. प्रत्येक पिशवीतील धोका अत्यल्प असला, तरी शेकडो पिशव्यांनंतर तो अत्यल्प राहत नाही. नागपूर येथे थॅलेसेमियाच्या चार बालकांना रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचे आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाल्याचे वृत्त २०२२ साली प्रसिद्ध झाले, व राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य शासनाकडे त्याविषयी विचारणा केली. प्रतिपिंडे दिसू लागण्यापूर्वीचा अवधी हा अशा प्रकरणांत कळीचा मुद्दा असतो. जनुकद्रव्य शोधणारी चाचणी हा अवधी पुष्कळ कमी करते. परंतु ती महाग असून सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही.

५. चाळणीचे गणित

ज्यांना काही त्रास नाही अशा लोकांची सरसकट तपासणी करणे, ह्याला चाळणी-तपासणी म्हणता येईल. चाळणी हा शब्द येथे अन्वर्थक आहे. चाळणीत अडकलेला प्रत्येक कण खडा नसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १०,००० लोक तपासले. त्यांपैकी ५० जणांत खरोखर प्रतिपिंड आहेत. चाचणी इतकी चांगली आहे की ती ह्या ५० पैकी जवळजवळ सर्वांना पकडते, आणि ज्यांच्यात प्रतिपिंड नाहीत अशा दर १०० जणांपैकी केवळ एकाबाबत चुकते. उरलेल्या ९,९५० लोकांत ही चूक सुमारे १०० वेळा होईल. म्हणजे एकूण १५० जणांना 'पॉझिटिव्ह' म्हटले जाईल आणि त्यांपैकी केवळ एकतृतीयांश खरे असतील. आता तीच चाचणी अशा १०,००० लोकांवर करा, की ज्यांच्यात १,००० जणांना प्रतिपिंड आहेत. येथे चुका सुमारे ९० होतील, आणि 'पॉझिटिव्ह' म्हटलेल्या बारांपैकी अकरा जण खरे ठरतील. चाचणी तीच, शब्द तोच. पण त्या शब्दावर किती विश्वास टाकावा हे तो कोणत्या समूहात उच्चारला गेला ह्यावर ठरते. वाक्याचा अर्थ प्रसंगाशिवाय पूर्ण होत नाही, हे अर्थविचारातील तत्त्व गणिताच्या वाटेने येथे पुन्हा भेटते.

म्हणून ज्यांना धोका अधिक, त्यांच्याकडे प्रथम लक्ष देणे उचित ठरते : वारंवार रक्त घेणारे, डायलिसिसवरील रुग्ण, सुईने अमली द्रव्ये घेणारे, एचआयव्हीबाधित, नीट निर्जंतुक न केलेल्या सुईने इंजेक्शन घेतलेले. आपल्या भागात ह्यात आणखी दोन गोष्टी जमेस धराव्या लागतात. एक गोंदण : जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदले जात असेल, तर तो रक्ताचा रक्ताशी थेट संबंध आहे. दुसरी, 'सुई घेतल्याशिवाय बरे वाटत नाही' ही समजूत. गोळीने भागणाऱ्या आजारासाठी इंजेक्शन मागणे हा निष्कारण ओढवून घेतलेला धोका आहे. इजिप्तमध्ये ह्याचे भीषण उदाहरण घडले. तेथे शिस्टोसोमा ह्या कृमिरोगावरील इंजेक्शनांची मोहीम काही दशके चालली, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांमुळे सी विषाणू देशभर पसरला. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये अवघ्या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून रोग आटोक्यात आणला. तेथेही क्रम हाच होता : आधी प्रतिपिंड, मग आरएनए, मग औषध.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी आणि भारतात सुमारे ५५ लाख लोकांना ही चिरकारी लागण होती. भारत सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअन्वये तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. तेव्हा औषधाचा अभाव हा आता मुख्य अडसर राहिलेला नाही. अडसर आहे तो पहिल्या व दुसऱ्या चाचणीमधील अंतराचा. दारव्ह्याहून यवतमाळ सुमारे ४० किलोमीटर. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला तेवढ्यासाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. आणि आपण का जात आहोत हे ज्याला कळलेले नाही, तो जात नाही. ह्यासाठीच पहिल्या वेळी घेतलेल्या रक्तावरच दुसरी चाचणी करून मोकळे व्हावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केली आहे.

६. कागदावरील मराठी

'पॉझिटिव्ह'ला 'सकारात्मक' म्हणणे हा उपाय नव्हे. मराठीत त्या शब्दाला 'चांगले, आशादायी' असा अर्थ चिकटला आहे. 'दोषी' व 'निर्दोष' ही जोडी त्याहून वाईट, कारण ती रक्ताचा दोष माणसाच्या वर्तनावर नेऊन ठेवते. येथे एका पारिभाषिक शब्दापेक्षा पूर्ण वाक्य अधिक उपयोगी पडेल. त्या वाक्यात काळ स्पष्ट हवा, निश्चयाची मात्रा स्पष्ट हवी, आणि पुढे काय करावयाचे ते हवे. प्रतिपिंड आढळलेल्या व्यक्तीच्या कागदावर पुढील मजकूर असावा, असे सुचवावेसे वाटते :

"हिपॅटायटिस सीचा विषाणू तुमच्या शरीरात पूर्वी कधीतरी शिरला असावा, असे पहिल्या तपासणीवरून वाटते. तो आज आहे की नाही, हे ह्या तपासणीवरून कळत नाही. ते दुसऱ्या तपासणीने कळेल. तो असल्यास गोळ्यांनी बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. घरात एकत्र जेवण्या-राहण्याने हा रोग कोणाला होत नाही. वस्तरा, सुई आणि दात घासण्याचा ब्रश मात्र दुसऱ्याला देऊ नये."

आरएनए न आढळलेल्या व्यक्तीसाठी : "आज तुमच्या रक्तात हा विषाणू नाही. पहिल्या प्रकारची तपासणी पुढे पुन्हा केली, तर तिच्यात जुनी खूण दिसेल. तिचा अर्थ रोग परत आला असा नाही. परंतु एकदा बरे झालेल्यालाही नव्याने लागण होऊ शकते, म्हणून काळजी सोडू नये."

ह्या वाक्यांत 'असावा', 'वाटते', 'कळेल', 'होऊ शकते' अशी क्रियापदे मुद्दाम योजली आहेत. मराठीच्या क्रियापदात काळ आणि अर्थ हे दोन्ही दाखविण्याचे सामर्थ्य आहे, आणि वैद्यकीय कागदाने ते वापरलेले नाही. हाच मजकूर गोरमाटीत व कोलामीत सांगावयाचा झाल्यास त्या भाषांत अनुमानित भूतकाळ आणि अनिश्चय कसे व्यक्त होतात, ह्याचा स्वतंत्र अभ्यास करावा लागेल. आशा कार्यकर्त्या आणि प्रयोगशाळा-तंत्रज्ञ ह्यांच्या प्रत्यक्ष बोलण्याचे नमुने त्यासाठी जमवावे लागतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी घ्यावा, असा हा विषय आहे. त्याला लागणारी साधनसामग्री कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयाच्या बाकावर उपलब्ध आहे, आणि त्याच्या निष्कर्षांची गरजही प्रथम तेथेच आहे.